भीती घरातून भुयारात गेली

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात, तापीच्या खोऱ्यात माझ्या फुईचे, म्हणजे आत्याचे, घर आहे. मागच्या दाराला लागून केळीची बाग, तिच्या पलीकडे आणखी बागा, आणि हवा स्वच्छ असली की उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ. २०२१ च्या अखेरीस ‘छोरी’ हा भयपट मी याच घरात, फुईच्या शेजारी बसून पाहिला होता. तो संपल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून तिने मागचे दार लावले, कडी नीट बसली की नाही ते हाताने चाचपले आणि “आसं घर मी देखेल शे,” असं घर मी पाहिलेलं आहे, एवढेच म्हणाली. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याचा दुसरा भाग आला, तेव्हाही योगायोगाने मी तिथेच होतो. तो अर्धा झाला असेल नसेल, तोच तिने विचारले, “पहिलामा मानसं व्हतात. आठे ह्या कोन शेतस?” म्हणजे, पहिल्यात माणसं होती, इथे हे कोण आहेत? गाजलेल्या भयपटाच्या फसलेल्या दुसऱ्या भागाबद्दल याहून नेमका आक्षेप माझ्या वाचनात आलेला नाही. हा आक्षेप पटकथेवर आहेच, पण तो तिथे थांबत नाही. आपल्या भागातल्या एका जुन्या आणि अजून न मिटलेल्या प्रश्नाला तो जाऊन भिडतो, म्हणून त्याचा जरा विस्ताराने विचार करावासा वाटतो.

ही गोष्ट मुळात मराठी आहे. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ २०१७ च्या जुलैमध्ये चित्रपटगृहांत लागला. दिवस भरत आलेली एक बाई नवऱ्याबरोबर शहर सोडून पळते, उसाच्या फडात एकट्या उभ्या असलेल्या एका घरात आश्रयाला येते, त्या घरची वडीलधारी बाई तिचे हवे-नको पाहू लागते, आणि हळूहळू ध्यानात येते की या घराला मुलगी चालत नाही. पूजा सावंत आणि उषा नाईक यांनी ते दोन जीव असे उभे केले होते की पडद्यावर त्या दोघीच असल्या तरी खोली भरल्यासारखी वाटायची. हीच गोष्ट फुरिया यांनीच हिंदीत ‘छोरी’ या नावाने पुन्हा केली. त्यात नुसरत भरुचा आणि मीता वशिष्ठ होत्या आणि ती २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉन प्राइमवर आली. दुसरा भागही त्यांचाच आहे. एरवी दुसरा भाग फसला की मूळ दिग्दर्शक बाजूला झाला, भलत्याच्या हाती गोष्ट गेली, असे कारण सांगता येते. इथे ते कारण उरत नाही. ज्याने ही भीती ओळखली, तिला घर दिले, दोन भाषांत ती तितक्याच ताकदीने सांगितली, त्याच माणसाच्या हातून ती निसटली आहे, आणि म्हणूनच ती कशी निसटली हे पाहणे मला महत्त्वाचे वाटते.

पहिल्या भागाचे बळ कशात होते? उसात धावणारी लहान मुले, अंधारात उभी राहिलेली बाई, हे सगळे त्यात होते आणि ते चांगले जमले होते. पण त्याने घाबरलेला प्रेक्षक दिवा लावला की सावरतो. सावरता येत नव्हते ते त्या घरातल्या वागण्यामुळे. यजमानीण पाहुणीला जेवू घालते, कुठे जायचे, कुठे जायचे नाही ते सांगते, पोटातल्या बाळाबद्दल बोलताना ते मुलगाच असल्याचे गृहीत धरते. यातली कोणतीही गोष्ट अघोरी नाही. गरोदर सुनेशी बोलताना आपल्याकडच्या शेकडो घरांत हेच शब्द येतात, हाच लाड आणि हाच धाक असतो. त्या लाडातूनच धाक कसा वाढत जातो आणि धाकातून हत्येची तयारी कशी होते, हे दाखवताना चित्रपटाने कुठेही दिशा बदललेली जाणवत नाही. भुते घाबरवत होती, मारणारी मात्र माणसे होती. आणि शेवटी ज्या नवऱ्याच्या भरवशावर ती बाई तिथवर आली, तोच त्या घरचा मुलगा निघतो, तेव्हा पळून जायला बाहेर जागाच उरत नाही, कारण धोका तिने स्वतःबरोबरच आणलेला असतो.

उसाच्या जागी आमच्याकडे केळी आहे, एवढाच फरक. ज्यांनी केळीची जुनी बाग आतून पाहिली नसेल त्यांना सांगतो: भर उन्हातून आत शिरले की पहिल्यांदा डोळ्यांना काहीच दिसत नाही. डोक्यावर पानांचे छत एकमेकांत गेलेले असते, उजेड हिरवा आणि पातळ होतो, पायाखाली कुजत्या पानांचा ओला थर असतो. वाऱ्याने फाटलेल्या पानांच्या चिंध्या एकमेकींवर घासतात, ठिबकच्या नळीतून पाणी पडत असते, आणि वाळलेली पाने खोडांना लोंबत असल्यामुळे चार-पाच ओळींपलीकडे कुणी उभे असले तर त्याचे पाय तेवढे दिसतात. लहानपणी आम्ही पोरांनी संध्याकाळी बागेत शिरू नये म्हणून मोठी माणसे तिथल्या हडळीचे भय घालत, आणि ते भय आम्हाला पुरत असे. पण त्या रात्री फुईने कडी चाचपली ती हडळीसाठी नव्हती. तिने ‘आसं घर’ म्हटले, ‘आशी बाग’ म्हटले नाही. आपण कोणत्या घराबद्दल बोलतो आहोत हे तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. पण पहिला ‘छोरी’ नेमका कुठे लागला हे मला तेव्हा कळले.

दुसऱ्या भागात ती बाई, साक्षी, तिथून सुटून आलेली आहे. तिची मुलगी सात वर्षांची झाली आहे आणि तिला उन्हाचा त्रास होतो. मुलीला पळवून पुन्हा त्याच गावी नेले जाते आणि आई तिच्यामागे जाते. इथपर्यंत तक्रार नाही. पण मग उसाच्या फडाखाली भुयारांचे एक जाळे निघते, त्यात एक पंथ निघतो, त्या पंथाचा माणसापेक्षा काहीतरी आदिम वाटावा असा ‘प्रधान’ निघतो, त्याची सेवा करणारी, अंगात अद्भुत शक्ती असलेली दासी माँ निघते, आणि कोवळ्या मुली त्या प्रधानाच्या हवाली करण्याची रूढी निघते. सोहा अली खान यांनी दासी माँ मनापासून केली आहे, नुसरत भरुचा यांच्या कामातही उणे काढावे असे नाही, गश्मीर महाजनींचा पोलीस अधिकारीही आपल्या जागी ठीक आहे. तरीही चित्रपट पुढे सरकतो तसतशी भीती ओसरत जाते. भुयार जितके खोल जाते, तितके आपले घर त्यापासून लांब जाते, आणि ओसरीवर बसलेला माणूस सुरक्षित होत जातो.

हे काही पहिल्यांदा घडलेले नाही. १९७३ च्या ‘द एक्सॉर्सिस्ट’ने जगभर धडकी भरवली ती वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउन वस्तीतल्या एका घरातल्या, सैतानाने झपाटलेल्या एका मुलीच्या झोपायच्या खोलीतून. आई खालच्या मजल्यावर, मुलगी वर, मध्ये एक जिना. त्या जिन्याइतकीच भीतीची लांबी होती. १९७७ मध्ये त्याचा दुसरा भाग जॉन बूरमन यांनी केला. मूळ दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन आणि मूळ लेखक विल्यम पीटर ब्लॅटी यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. या भागाने त्या सैतानाचा उगम शोधायला आपल्याला आफ्रिकेत नेले, टोळधाडी दाखवल्या, संमोहनाचे यंत्र आणले. लोक चित्रपटगृहात हसू लागले, तेव्हा बूरमन यांनी प्रदर्शनानंतर चित्रपट पुन्हा कापून पाहिला, पण उपयोग झाला नाही. मला यात केवळ फसलेली कल्पनाशक्ती दिसत नाही. आपल्याच माडीवरच्या खोलीत असलेले पाप उचलून दूरच्या, काळ्या माणसांच्या, ‘मागासलेल्या’ भूमीत नेऊन ठेवण्याची ती एक जुनी सोय होती. तशी सोय झाली की आईला जिना चढायची भीती उरत नाही.

जपानमध्ये याच चुकीचे दुसरे रूप दिसले. हिदेओ नाकाता यांचा ‘रिंगू’ आणि त्याचा पुढचा भाग ‘रासेन’ हे दोन्ही १९९८ च्या ३१ जानेवारीला एकाच दिवशी प्रदर्शित झाले. दुसऱ्याचा दिग्दर्शक वेगळा होता. पहिल्या भागातल्या शापित चित्रफितीचे कोडे दुसऱ्याने शरीरशास्त्राच्या आणि विषाणूच्या भाषेत उलगडून दाखवले. लोकांनी पहिला डोक्यावर घेतला आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवली, इतकी की पुढच्याच वर्षी नाकाता यांनी ‘रासेन’ जणू झालाच नाही असे धरून नवा दुसरा भाग केला. भयपटाला स्पष्टीकरण मानवत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. मला ते पूर्ण पटत नाही. पहिल्या ‘छोरी’तही स्पष्टीकरण आहे, भुते कोण, कशी झाली, हे सगळे शेवटी सांगितले जाते, आणि सांगितल्यावर भीती दुप्पट होते. कारण ते स्पष्टीकरण आपल्याकडे बोट दाखवते. फसलेल्या दुसऱ्या भागांतले स्पष्टीकरण आपल्यावरचे बोट काढून दुसरीकडे वळवते. प्रश्न उलगडून सांगण्याचा नाही, बोट कुणाकडे आहे याचा आहे.

आणि इथेच ही गोष्ट खान्देशाशी येऊन भिडते. २०११ ची जनगणना ही आपल्याकडची आजवरची शेवटची जनगणना. तिच्यात जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८४२ मुली मोजल्या गेल्या. महाराष्ट्राचा आकडा ८९४ होता. या प्रश्नाचे उदाहरण म्हणून आपण सगळे ज्या हरियाणाचे नाव घेतो, त्याचा आकडा ८३४ होता. म्हणजे ज्या मातीतल्या बोलीवरून ‘छोरी’ हे नाव घेतले आहे तिच्यात आणि आमच्या सोन्याच्या, केळीच्या जळगावात हजारामागे आठ मुलींचे अंतर होते. २०१५ च्या जानेवारीत ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजना सुरू झाली, तेव्हा देशातल्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत जळगावचे नाव होते. निसर्गाच्या हिशेबाने हा आकडा ९५० च्या आसपास राहायला हवा. मधली तफावत कुणी भुयारात नेली नव्हती.

ती कुठे झाली हे सगळ्यांना ठाऊक आहे. रंग दिलेल्या भिंती, पंखा, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर गर्भलिंग तपासणी होत नसल्याचा कायद्याने लावलेला फलक, आणि आतल्या खोलीत एक यंत्र. अशा तपासणीवर महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सगळ्यांत आधी, कायदा केला; १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. यंत्रांची नोंद, प्रत्येक तपासणीचा अर्ज, सगळे कागदावर आले. पण मुलगी आहे हे सांगायला कागद लागत नाही, एक खूण पुरते. आणि ती खूण समजून घेऊन रिक्षात बसून घरी येणारी माणसे मुखवटा घातलेली नव्हती. त्यात सासू होती, नवरा होता, कधी आईही होती, आणि बहुतेक वेळा ती सगळी माणसे त्या बाईवर माया करणारी होती. पहिल्या ‘छोरी’ला हे कळले होते. म्हणूनच तो भयपट असूनही त्यात खोटे काही वाटत नव्हते.

आता याच जनगणनेतला दुसरा आकडा पाहा. जुन्या खान्देशाचाच भाग असलेल्या, सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा वस्त्यांच्या नंदुरबार जिल्ह्यात हाच आकडा ९४० च्या वर होता. जिथे रस्ते कमी, दवाखाने कमी, पैसा कमी, त्या डोंगरात मुली टिकल्या. जिथे ठिबक, ट्रॅक्टर आणि सराफ बाजार आहे, तिथे त्या कमी झाल्या. मुलींचे हे खून आपल्याकडे अज्ञानातून झालेले नाहीत, जमिनीची वाटणी, हुंडा आणि हाताशी असलेली सोय यांच्या नीट मांडलेल्या हिशेबातून झाले आहेत. अशा वेळी दुसऱ्या भागाने खलनायक म्हणून काय निवडले, तर गुहेत राहणारा, जगापासून तुटलेला, आदिम माणूस. खान्देशातल्या प्रेक्षकाला हे चित्र अगदी उलटे दिसायला हवे. सुशिक्षित, सधन, मैदानी समाजाने केलेल्या गोष्टीचे खापर डोंगरातल्या, जमिनीखालच्या, ‘रानटी’ कुणावर फोडले जाते, आणि प्रेक्षकातला नेमका तो सधन माणूस हळहळून घरी जातो. हे कुणी मुद्दाम केले असे मी म्हणणार नाही. सवयीने झाले असेल. पण सवयीनेच झाले असेल तर ते जास्त चिंतेचे आहे.

दासी माँबद्दलही एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. मंत्रशक्ती असलेली, मुलांवर नजर ठेवणारी बाई हे पात्र शहरातल्या प्रेक्षकाला करमणुकीचे वाटू शकते. सातपुड्याच्या पायथ्याशी ‘डाकीण’ हा शब्द आजही एखाद्या जित्याजागत्या बाईला चिकटवला जातो. गावात मूल दगावले, बैल मेला, ताप पसरला की कुणा एकट्या, म्हाताऱ्या, वाट्याला थोडी जमीन असलेल्या बाईकडे बोट जाते, आणि मग तिला मारहाण होते, गाव सोडावे लागते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी नंदुरबारच्या खेड्यांतून या प्रथेविरुद्ध वर्षानुवर्षे काम केले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, २०१३ मध्ये जो जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यातही एखाद्या माणसाला करणी करणारा ठरवून छळणे हा गुन्हा धरला आहे. पहिल्या चित्रपटातली वडीलधारी बाई डाकीण नव्हती. ती एक सासू होती, स्वतः याच घरात सून म्हणून येऊन, दबून, शेवटी त्याच चाकाचा आरा झालेली. तिच्याकडे पाहताना राग यायचा आणि त्या रागाला कुठेतरी दयेची किनार असायची. दासी माँच्या वाट्यालाही एक व्यथा दिली आहे, पण तिच्याभोवती इतका चमत्कार गुंडाळला आहे की ती व्यथा हातालाच लागत नाही.

कुणी म्हणेल, एका करमणुकीच्या चित्रपटावर एवढे ओझे कशाला? दुसऱ्या भागात बालविवाहाचा विषय आणला आहे, तोही महत्त्वाचाच आहे. आणि तीच गोष्ट पुन्हा सांगितली असती तर हेच लोक तोचतोचपणाची तक्रार करत आले असते. यातला दुसरा मुद्दा मला मान्य आहे. गोष्ट पुढे न्यायलाच हवी होती. आमच्याकडे केळीचा पहिला घड कापला की बुंध्याशी फुटलेल्या पिलावर दुसरे पीक घेतात, त्याला पिलबाग म्हणतात. नवी लागवड करावी लागत नाही, पीक लवकर निघते, खर्च कमी होतो, म्हणून तो मोह प्रत्येक शेतकऱ्याला होतो आणि त्यात चूक काही नाही. पण जाणता शेतकरी पहिल्या झाडाभोवती फुटलेली सगळी पिले ठेवत नाही. दर पंधरा-वीस दिवसांनी कोयता घेऊन तो ती कापत जातो, योग्य वेळी आलेले, योग्य बाजूचे, जोमदार असे एकच पिल राखतो, आणि त्याला पहिल्या झाडाइतकेच खत-पाणी घालतो. पिले न कापता सोडली तर बाग हिरवीगार दिसते आणि घड मात्र मनगटाएवढा येतो. ‘छोरी २’मध्ये मला हीच न कापलेली बाग दिसली. पंथ, प्रधान, दासी माँची कहाणी, मुलीचा आजार, भुयारे, बालविवाह, पोलीस तपास, सगळी पिले वाढू दिली आणि मधले खोड शोषले गेले.

दुसरा भाग चांगला होऊच शकत नाही, असेही नाही. जेम्स व्हेल यांनी १९३१ मध्ये ‘फ्रँकेन्स्टाइन’ केला आणि १९३५ मध्ये त्याचा पुढचा भाग केला, तो अनेक जाणकार पहिल्याहून सरस मानतात. त्यांनी काय केले, तर राक्षसाला आणखी अक्राळविक्राळ न करता त्याला बोलायला शिकवले, त्याला मैत्री हवीशी वाटू दिली, आणि माणसांनी ती नाकारल्यावर प्रेक्षकाला स्वतःकडे पाहायला लावले. म्हणजे पहिल्या भागात जो सल होता तोच त्यांनी खोल केला. आपल्याकडे हा प्रश्न आता वारंवार येणार आहे. २०१८ चा ‘तुंबाड’ २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा प्रदर्शित झाला, पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला आणि लगोलग त्याच्या दुसऱ्या भागाची घोषणा झाली. मूळ दिग्दर्शक राही अनिल बर्वे त्यात नाहीत. लोभाची ती गोष्ट एका जुन्या वाड्यातून निघाली होती. तिचा पुढचा भाग त्या वाड्यातच राहतो की हस्तर या त्यातल्या राक्षसाची सेना उभी करतो, यावर माझ्यासारख्याचे लक्ष राहील.

मग ‘छोरी’चा दुसरा भाग कुठे न्यायला हवा होता? माझे उत्तर असे आहे की या विषयाचा दुसरा भाग आमच्या गावागावांत आधीच सुरू झालेला आहे, आणि तो दाखवण्यासाठी जमीन खणायची गरज नव्हती. ज्या वर्षांत मुली जन्मू दिल्या नाहीत, त्या वर्षांतली मुले आता मोठी झाली आहेत. तिशी ओलांडलेले, चार-पाच एकर बागायत असलेले, निर्व्यसनी मुलगे घरोघर बिनलग्नाचे बसले आहेत. मध्यस्थ पैसे घेऊन लांबच्या जिल्ह्यांतून, परराज्यांतून मुली दाखवतात. काही लग्ने टिकतात, काही नवऱ्या आठवड्याभरात दागिने घेऊन निघून जातात, आणि ज्या राहतात त्यांना बोली येत नाही, माहेर नाही, बाजूने बोलणारे कुणी नाही. उसाच्या फडातल्या त्या घरात येऊन पडलेल्या बाईहून त्यांची अवस्था किती वेगळी आहे? साक्षीची मुलगी सात वर्षांची झाली आहे. तिच्या वर्गात मुली कमी आहेत, तिच्यावर आतापासूनच नजरा आहेत, तिच्या बापाचे घर तिच्या ‘हक्का’साठी माणसे पाठवते आहे, शेजारीण प्रेमाने विचारते आहे की पाठीवर भाऊ कधी आणणार, एवढ्यावर एक असा भयपट झाला असता की तो पाहून पुन्हा कुणीतरी उठून कडी चाचपली असती.

आखाजीचा सण आमच्याकडे लेकींचा. अक्षय तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, निंबाला झोके बांधले जातात आणि गाण्यांनी गल्ली भरून जाते. आसोद्याच्या बहिणाबाईंनी या सणाचे अप्रूप लिहून ठेवले आहे. फुई सांगते की तिच्या लहानपणी एका झोक्यावर बसायला दहा-दहा जणी रांगेत असत. आता झोका बांधला तर त्यावर बसायला शेजारच्या आळीतून पोरी बोलवाव्या लागतात, हे ती सांगते तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नसते, गोष्ट सांगावी तसे ती सांगते. त्या वर्षीची आखाजीही चित्रपट आला त्याच महिन्याच्या अखेरीस होती. रिकामा झोका दाखवणे भयपटात नवीन नाही, पण तो रिकामा का आहे हे ज्या प्रदेशात खरोखर माहीत आहे, तिथे त्याला संगीताची जोड द्यावी लागली नसती.

त्या संध्याकाळी साक्षी भुयारात उतरली असताना फुईचा फोन वाजला. तिचा मुलगा चौतीस वर्षांचा आहे, बाग चांगली राखतो, आणि तीन वर्षांपासून त्याच्यासाठी स्थळ पाहणे चालू आहे. फोन मध्यस्थाचा होता. मी चित्रपट थांबवू लागलो, तर तिने हातानेच ‘राहू दे’ अशी खूण केली आणि मागच्या दाराबाहेर जाऊन, बागेच्या कडेला उभी राहून बोलू लागली. मुलगी कुठली, शिकलेली किती, घरचे काय मागतात, असे तिचे प्रश्न मला अधूनमधून ऐकू येत होते. मुलगा खाटेवर पाठ फिरवून पडला होता, त्याने आवाज ऐकू येत नसल्यासारखे केले. वीस-पंचवीस मिनिटांनी ती आत आली, तोवर पडद्यावर बरेच काही घडून गेले होते. ती खाली बसली, पदराने चेहरा पुसला आणि मुलाकडे पाहत राहिली. मधल्या वेळात चित्रपटात काय झाले, हे तिने विचारले नाही.